भिंतीचे कोंब

आज दुपारी जेवणानंतर मी भांडी पुसून फडताळात लावत होते आणि एकाएकी स्वयंपाकघर अंधारलं. खिडकीबाहेर पाहिलं तर आकाश खाकी झालेलं. इथे ते पश्चिमेकडून येताना दिसतं. आधी लांबचे टॉवर पुसट होतात, मग जवळचे, मग समोरच्या रस्त्यावरची झाडं, आणि मग पहिला फटका बसतो. गच्चीतला बांबूच्या काड्यांचा पडदा, ज्याला इथे चिक म्हणतात, भिंतीवर आपटायला लागला. गल्लीत कुणीतरी ओरडलं, "अरे, कपड़े उतारो, आँधी आ गई!" मी खिडक्या लावून घेतल्या आणि तरीही थोड्या वेळाने जिभेवर ती चव आलीच. मातीची, किंचित खारट, दातांखाली कचकचणारी. बाकीच्या ऋतूंची आठवण मला वासाने होते. हा एकच मोसम असा आहे की तो आधी दातांना आठवतो.

रेवा, ईशान, तुमच्याकडे ऋतू उलटे, तिकडे आता थंडी सुरू होत असेल. रविवारी रेवाने फोनसमोर आपला दात घासायचा ब्रश धरला होता. "आजी, बघ, बांबूचा! प्लास्टिक नाहीच." शाळेत बांबूवर प्रोजेक्ट आहे म्हणे. बांबू हे झाड नसून गवत आहे, तो हवेतला कार्बन ओढून घेतो, तोडला तरी पुन्हा लावावा लागत नाही, त्याला खत लागत नाही, औषधं लागत नाहीत. रेवा धडाधडा सांगत होती आणि मागून ईशान सारखा "पांडा! पांडाचं सांग!" म्हणत तिचं कोपर ओढत होता. मग रेवाने विचारलं, "तुम्ही तिकडे बांबूचं काय करता?" तेवढ्यात तुमची आई मागून कपड्यांची घडी घेऊन चालली होती. जाता जाता ती म्हणाली, "आजीला काय विचारतेस, आम्ही बांबू खाल्लाय!" आणि हसत निघून गेली.

मी पण हसले. तिला त्यातलं किती आठवतं, मला माहीत नाही. तेव्हा ती तिसरीत होती.

काय करता, हा प्रश्न मला कुणी लहानपणी विचारला असता तर मला तो कळलाच नसता. मिठाचं काय करता, असं कुणी विचारतं का? तांदूळ धुवायची रोवळी बांबूची, धान्य पाखडायचं सूप बांबूचं, देवाची फुलं आणायची परडी बांबूची. तुमच्या पणजीच्या गावी, कोकणात, शेतात लावणी करणाऱ्या बाया डोक्यावर बांबूचं इरलं घेत, भात साठवायची कणगी बांबूची, कोंबड्या झाकायचं डालं बांबूचं, आणि घराच्या कुडाच्या भिंतींतही आत बांबूच. पाडव्याला गुढीची काठी त्याचीच. माणूस गेल्यावर त्याला न्यायलाही तोच. यातलं काहीही मोडलं की उकिरड्यावर जाई आणि दोन पावसाळ्यांत माती होऊन जाई. आम्ही त्याला पर्यावरण म्हणत नव्हतो. आमच्याकडे दुसरं काही नव्हतं, एवढंच.

आणि इथे, गुडगावात, आम्ही राहायला आलो तेव्हा तर आख्खं गावच बांबूवर उभं होतं. तुम्ही आता विमानतळावरून येताना जे काचेचे टॉवर पाहता, ते त्या वर्षांत नुसते सिमेंटचे सांगाडे होते, आणि प्रत्येक सांगाड्याभोवती बांबूची परांची. खालपासून वरपर्यंत हजारो बांबू, एकमेकांना सुंभाने बांधलेले. वाऱ्याने ते कुरकुरत. त्यांवरून माणसं डोक्यावर घमेली घेऊन अशी चढत जणू जिना आहे. देशात नवं वारं आलं होतं, परदेशी कंपन्या येत होत्या, मोटारींच्या जाहिराती वर्तमानपत्राचं आख्खं पान व्यापत होत्या, आणि ते सगळं वर चढत होतं एका गवताच्या खांद्यावरून. इमारत पुरी झाली की बांबू उतरवून पुढच्या प्लॉटवर नेत. काचेला ज्याचा आधार होता त्याची एक खूणही उरत नसे.

आम्ही आधी मयूर विहारला होतो, सहकारी सोसायटीच्या दोन खोल्यांत. शेजारी चार मराठी घरं, गणपतीत एकत्र आरती, मला शाळा जवळ. मी इंग्रजी शिकवत असे. मग तुमच्या आबांना मानेसरच्या एका नव्या कारखान्यात नोकरी लागली. मोटारींचे भाग बनवायचा कारखाना. यमुनेच्या पलीकडून रोज तिथवर जाणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही गुडगावच्या एका नव्या वसाहतीत, अगदी शेवटच्या ओळीत, छोटं घर घेतलं. घराच्या पश्चिमेला आमची जरा रिकामी जागा होती आणि तिच्यापलीकडे काहीच नव्हतं. पूर्वी तिथे शेतं होती. ती विकली गेली होती, नांगरणं थांबलं होतं, इमारती अजून यायच्या होत्या. त्या मधल्या काळात ती जमीन नुसती उघडी पडली होती, आणि राजस्थानाकडून येणारा वारा ती मूठ मूठ उचलून आमच्या घरात आणून टाकत होता.

पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, सवय होईल. मी शिस्तीची बाई. सकाळी पुसायचं, दुपारी पुसायचं, संध्याकाळी पुसायचं. खिडक्यांच्या फटींत ओल्या चिंध्या कोंबायच्या, पाण्याचे माठ दुहेरी फडक्याने झाकायचे. पण श्वासाला फडकं कुठून बांधणार? मुक्ताला, तुमच्या आईला, आधी नुसता खोकला होता. मग वादळ आलं की तिच्या छातीतून शिटीसारखा आवाज यायला लागला. बारीक, लांबट, दूरवर कुणीतरी दार उघडतंय असा. ती उशीला टेकून बसे, खांदे वर ओढून, आणि बोलायची नाही. मुलाने हट्ट करावा, रडावं, हे आईला पेलतं. ती श्वास घेण्यात इतकी गुंतलेली असे की रडायला तिला सवडच नसे.

आबांनी बांबू लावायचं ठरवलं ते त्या पहिल्याच पावसाळ्यात. ते इंजिनियर; हवा कुठून येते, कशाने अडते, याचा त्यांनी नीट विचार केला होता. पक्की भिंत बांधली तर वारा तिच्यावरून उडी मारून आत येतो, असं त्यांनी मला पोळपाटावर लाटणं उभं धरून पिठाने दाखवलं होतं. वाऱ्याला अडवायचं नसतं, गाळायचं असतं. त्यासाठी दाट, उंच, बाराही महिने पानं असणारं आणि लवकर वाढणारं काहीतरी हवं. त्यांनी नर्सरीतून बांबूचे कंद आणले, पश्चिमेच्या पट्टीत चर खणून ओळीने लावले. न्हाणीघराचं आणि स्वयंपाकघराचं सांडपाणीही त्यांनी त्या चरात वळवलं. बांबूला तसलं पाणी चालतं, आणि पिण्याचं पाणी तर तेव्हाही टँकरने यायचं.

आमच्या शेजारच्या आहुजा भाभी, मोठ्या मनाच्या आणि मोठ्या आवाजाच्या, कुंपणाशी उभ्या राहून सगळं पाहत होत्या. "भाईसाब, बाँस क्यों? अशोक लगाओ, सुंदर लगता है. इसमें तो साँप आएँगे."

आबा म्हणाले, "भाभीजी, साँप भी तो धूल से परेशान हैं. आने दीजिए बेचारों को."

"हाय राम! मालती, तेरा आदमी पागल है," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरचा एक पाइप आणून दिला, लांबपर्यंत पाणी पोचावं म्हणून.

वर्षभर त्या बांबूने काहीही केलं नाही. हे तुझ्या प्रोजेक्टमध्ये लिही, रेवा, कारण जाहिरातींत ते कुणी लिहीत नाही. सगळे म्हणतात की बांबू पाहता पाहता वाढतो. वाढतो, पण आधी तो जमिनीच्या खाली वाढतो. वर नुसत्या करंगळीएवढ्या काड्या, चार पानं. खाली मात्र तो मुळं पसरतो, माती घट्ट धरतो, साठवण करतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात एके दिवशी जमीन फुगते आणि कोंब बाहेर येतो, मनगटाएवढा जाड. बांबू जितक्या जाडीचा जमिनीतून निघतो तितक्याच जाडीचा तो शेवटपर्यंत राहतो, आणि त्याची सगळी उंची तो त्या एका मोसमात गाठतो. पुढे तो फक्त कडक होतो. म्हणजे एका पावसाळ्यात जे कोंब आले, तीच पुढच्या उन्हाळ्याची भिंत. त्या पावसाळ्यात ते चुकले, तर थांबायचं पुढच्या पावसाळ्यापर्यंत.

दुसरा उन्हाळा पहिल्यापेक्षा वाईट होता. हाच तो मोसम, जो आज खिडकी लावताना माझ्या जिभेवर आला. पलीकडच्या जमिनीवर पायाभरणी सुरू झाली होती. ट्रक दिवसभर माती वाहत. आंधी नसली तरी हवेत एक पिवळट पडदा असायचा, आणि आंधी आली की भर दुपारी दिवे लावावे लागत. मुक्ता शाळेत कमी आणि डॉक्टरांकडे जास्त जात होती. डॉक्टर वयस्कर होते, थेट बोलणारे. त्यांनी तिच्या पाठीला नळी लावून ऐकलं, मग तिला बाहेर माशांची टाकी बघायला पाठवलं.

"देखिए," ते आबांना म्हणाले, "ये गर्मी तो निकल जाएगी. अगली गर्मी इस बच्ची को इस धूल में मत रखिए."

"अगली गर्मी तक दीवार खड़ी हो जाएगी, डॉक्टरसाब."

"कौन-सी दीवार?"

"बाँस की."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "ज़रूर लगाइए. और कहीं का एक टिकट भी देख रखिए."

तिकीट म्हणजे पुणं. माझी मोठी बहीण, शकूमावशी, आणि तिचे यजमान तिथे होते, त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि मुक्तावर त्यांचा जीव होता. घराच्या मागे टेकडी होती. पहिल्या झटक्यानंतरच शकूने फोनवर म्हटलं होतं, "मालू, पाठवून दे गं तिला. एक वर्षाचा तर प्रश्न." मी तेव्हा तो विषय बदलला होता. आबांची नोकरी इथे, माझी शाळा इथे, गावी एकट्या पडलेल्या सासूबाईंना, म्हणजे तुमच्या पणजीला, आम्ही त्याच वर्षी इथे आणायचं ठरवलेलं. घर एका जागी राहावं एवढीच माझी इच्छा होती. आता ते सगळं पश्चिमेच्या त्या पट्टीवर येऊन ठेपलं. त्या पावसाळ्यात कोंब आले, वाढले, तर मुक्ता आमच्याकडे राहणार होती. आबा कंपनीच्या बसमधून उतरले की घरात यायच्या आधी तिकडे जात. वाकून माती बघत. मीही बघायची, पण ते आत गेल्यावर.

सासूबाई जूनमध्ये आल्या. त्यांनी आयुष्यात कोकण सोडलं नव्हतं. गुडगावच्या त्या वसाहतीत त्यांना काय दिसलं असेल! नदी नाही, विहीर नाही, झाड नाही, ओळखीचा शब्द नाही. आहुजा भाभी त्यांच्याशी हिंदीत बोलत, त्या मराठीत उत्तर देत, आणि दोघींचं चांगलं जमे, पण भाभी गेल्या की सासूबाई पुन्हा एकट्या. पश्चिमेच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसत. त्या काड्यांकडे बघून एकदा म्हणाल्या, "ह्यो माणगा नव्हे. चिवा पण नव्हे. पण हाय आपल्यातलाच." माणगा, चिवा हे कोकणातले बांबू; परक्या गावात नात्यातलं कुणी भेटावं तसा त्यांचा आवाज झाला होता.

जुलैत पाऊस चांगला झाला. आणि कोंब आले. मुक्तानेच पहिला पाहिला. "बाबा, जमिनीतून शिंग आलंय!" म्हणून ओरडली. तपकिरी, लवदार, टोकदार. मग दुसरा, मग ओळभर. आबांनी त्या दिवशी कंपनीच्या बसला उशीर केला. त्यांनी मुक्ताला उचलून सगळे कोंब दाखवले, जणू वर्गातल्या मुलांची ओळख करून देत आहेत. जाताना मला म्हणाले, "होतंय बघ." एवढंच. इतक्या वर्षांत मी त्यांना दोन शब्दांत इतकं आनंदी झालेलं फारसं पाहिलेलं नाही.

त्या आठवड्याच्या रविवारी मयूर विहारची आमची जुनी मंडळी जेवायला यायची होती. शनिवारी मी शाळेत, आबा मानेसरला, मुक्ता शेजारी भाभींकडे. दुपारी घरी आले तर स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात पांढरे शुभ्र काप पाण्यात भिजत घातलेले, आणि सासूबाई पदर खोचून नारळ खवत बसलेल्या. आल्यापासून पहिल्यांदा त्या गाणं गुणगुणत होत्या.

"हे काय केलंत, आई?"

"कोंबाची भाजी गो! उद्या पावणे येणार नव्हेत? आता भिजू दे, पाणी बदलायचं, उकडायचं, ते पाणी पण टाकायचं, नाहीतर बाधतं. इथे कुणाला ठाऊकच नाय, दारात एवढं पिकलंय नि सगळे कोबी खातायत."

मला तेव्हा काही टोचलं नाही, हे मी तुम्हाला खरं सांगते. गवत आहे, पुन्हा उगवेल, असंच मी समजत होते. मातीतला तो हिशेब आबांना माहीत होता. त्यांनी मला तो त्यानंतर समजावून सांगितला. आणि सासूबाईंचा हिशेब कोकणाचा होता. तिथे पाऊस तीन-चार महिने कोसळतो, बांबूची बेटं जुनी आणि खोल असतात, आज कोंब काढले की चार दिवसांनी दुसरे हजर. तिथे ते काढले नाहीत तर बेट दाटून जातं. त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं, आणि उत्तम केलं. फक्त ते गुडगावात केलं.

रविवारचं जेवण मला आजही पदार्थापदार्थाने आठवतं. मंडळींनी पानावर भाजी पाहिली आणि कल्ला केला. सासूबाईंनी ती हरभऱ्याची डाळ आणि ओलं खोबरं घालून केली होती, वर फोडणीत लाल मिरची. "मावशी, पंधरा वर्षांनी खातोय!" कुणी म्हणे. "दिल्लीत कोंबाची भाजी! हे सरकारला कळता कामा नये, कर लावतील." मुक्ताने तीनदा मागून घेतली. जिला गेले तीन महिने घास उतरत नव्हता, ती बोटं चाटत होती. सासूबाई वाढत होत्या, आणि त्यांचा चेहरा बघून मलाच भरून येत होतं. आपल्या हातचं काहीतरी या परमुलखात कुणाला हवंसं झालंय, हे त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मिळत होतं.

आबा कसल्याशा मशीनच्या कामासाठी शनिवारी रात्री कंपनीतच राहिले होते, ते उशिरा आले आणि थेट पानावर बसले. त्यांनीही मिटक्या मारत खाल्ली. दुसऱ्यांदा वाढताना त्यांनी विचारलं, "आई, हे तू गावाहून आणलंस? टिकलं कसं?"

"गावाहून कशाला? ही तुझ्या दारातली!"

पंगतीत हसू झालं. आबा हसले नाहीत. त्यांचा हात पानावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुक्ताकडे पाहिलं, आणि ती तोंडात घास घेऊन त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांनी उरलेली भाजी संपवली. अगदी शेवटचा काप बोटाने गोळा करून. "छान झालीय, आई," म्हणाले.

पाहुणे गेल्यावर ते मागे गेले. मी खिडकीतून पाहिलं. ओळीने सगळे कोंब जमिनीलगत कापलेले, गोल, पांढरे, अजून ओले. सासूबाईंनी दोन-चार ठेवले होते, बेटाला राखण म्हणून. आबा त्या उरलेल्या कोंबांशेजारी उकिडवे बसले, त्यांना माती लावली. पण त्या वर्षी ऑगस्टमध्येच पाऊस थांबला आणि परत वळला नाही. ठेवलेल्यांतलेही बहुतेक हातभर वाढून वाळले. नवे आले ते पेन्सिलीएवढे.

आईला त्यांनी कधीच सांगितलं नाही. मला ताकीद दिली, "तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस." आणि आहुजा भाभींनी त्यातली गंमत तेवढी उचलली. "तुम लोगों ने अपनी दीवार खा ली?" असं म्हणून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग माझा चेहरा पाहून त्यांनी माझा हात धरला. वसाहतीत आमचं नाव 'बाँस खाने वाले' पडलं ते अगदी भाजीवाल्यापर्यंत.

थंडी संपता संपता, परीक्षा झाल्याबरोबर, निजामुद्दीनहून पुण्याच्या गाडीत मी मुक्ताला घेऊन बसले. आबा खिडकीच्या गजांमधून तिला म्हणाले, "एक उन्हाळा, बरं का. फक्त एक." ती म्हणाली, "बाबा, बांबू मोठा झाला की मला लगेच बोलवा." सासूबाईंनी तिला डब्यात लाडू दिले होते. त्यांना वाटत होतं, पोर मावशीकडे सुट्टीला चाललीय.

पुढच्या पावसाळ्यात कोंब दुप्पट आले. कुणी हात लावला नाही. सासूबाईंनी विचारलं तर आबा म्हणाले, "या जातीचे दुसऱ्या वर्षी खायचे नसतात, आई." त्यांनी मान डोलावली, इकडची जात, इकडचे नियम. गणपतीपर्यंत बांबू घराच्या छपरावर गेले होते.

ती भिंत आज तुम्ही पाहता, सुट्टीत आलात की तिच्यात लपाछपी खेळता. तिने सगळं केलं, आबा म्हणाले होते ते सगळं. उन्हाळ्यात पश्चिमेच्या खोल्या निवल्या. ट्रकांची माती पानांवर बसू लागली आणि पावसाने धुऊन मुळाशी जाऊ लागली. पलीकडचा रस्ता एका वर्षी पावसात खचला, आमच्या पट्टीतली माती मुठीत धरल्यासारखी जागच्या जागी राहिली. सांडपाणी पिऊन तो बांबू हिरवागार आहे. सातभाई येतात, बुलबुल येतात. साप अजून आलेला नाही, भाभींना मी दरवर्षी कळवते. जुने बांबू आबा दर हिवाळ्यात काढतात, म्हणजे बेट मोकळं राहतं. कुणाला शिडी हवी असते, कुणाला वेलाला मांडव. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात तर गुडगावभरची मराठी घरं फोन करतात. गुढीची काठी दिल्लीत दुसरीकडे मिळत नाही असं नाही; पण मुलांना घेऊन येतात आणि इथून तोडून नेतात.

पण रेवा, तुझ्या प्रोजेक्टमध्ये एवढंच लिहून थांबू नकोस. हिवाळ्यात इथे जो धूर येतो, तो या भिंतीतून सरळ आत येतो. माती अडते, धूर अडत नाही. आणि तो धूर ज्या गाड्यांचा, त्यांचे भाग तुमच्या आबांनी नोकरीभर बनवले. ते एकदा बागेत मला म्हणाले, "एका हाताने भिंत लावली आणि दुसऱ्या हाताने..." आणि वाक्य पुरं न करता कोयता उचलून कामाला लागले. बांबूच्या नावाने आता जे मऊ कपडे मिळतात, ते बनवताना लगद्यात काय काय रसायनं घालतात तेही वाचून बघ. गवत चांगलं असतं. आपण त्याचं काय करतो, हा प्रश्न वेगळा, आणि तो तू मला विचारलास ते बरं केलंस.

एका उन्हाळ्याचे किती उन्हाळे झाले, ते मी इथे मांडणार नाही. पुण्यात तिला शाळा आवडली. खोकला गेला. टेकडीवर ती पळायला लागली, शर्यतीत नंबर आला. दरवेळी काहीतरी कारण निघे, सहामाही, स्नेहसंमेलन, शकूचं आजारपण, आणि दरवेळी ते कारण खरं असे. डॉक्टर म्हणाले, श्वास बरा आहे तर हलवू नका. आबा म्हणाले, अजून थोडी दाट होऊ दे. मी दर सुट्टीत जात होते. परतताना गाडी सुटायच्या आधी ती मला हात करी, मग अर्ध्या फलाटावरूनच मावशीचं बोट धरून तिला काहीतरी सांगत वळे. मला बरं वाटायचं. मुलाने रडत मागे राहू नये, असंच वाटतं ना आईला? वाटायलाच हवं.

ती पहिल्यांदा इकडे आली ते भिंत पुरी झाल्यावर, मे महिन्यात. आबांनीच हट्ट धरला होता, मे महिनाच हवा म्हणून. सासूबाई तोवर गेल्या होत्या. चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी आकाश खाकी झालं. मी सवयीने धावले, पश्चिमेच्या खिडक्या लावायला लागले, तर आबा म्हणाले, "राहू दे. उघड्याच राहू दे."

वारा बांबूवर येऊन आदळला. समुद्रासारखा आवाज झाला. सगळी भिंत आमच्या दिशेने वाकली, सावरली, पुन्हा वाकली. पानं उलटी होऊन पांढरी दिसत होती. खिडकीतून गार झुळूक आली, तिच्यात हिरव्या पानांचा वास, आणि कट्ट्यावर जेमतेम बोट उमटेल एवढी धूळ. मुक्ता पलंगावर मांडी घालून चित्रांचं पुस्तक बघत बसली होती. आबा तिच्याशेजारी बसले होते, कान देऊन. मीही ऐकत होते. शिटी नव्हती. छाती नेहमीसारखी, सावकाश, वरखाली होत होती.

वादळ गेलं. बांबू उभे राहिले. आबांच्या चेहऱ्यावर, ती काय म्हणते याची वाट बघणारं लहान मुलासारखं काहीतरी होतं.

मुक्ताने पान उलटलं. "आई," ती म्हणाली, "आपण घरी कधी जायचं?"

बाहेर पानांवरून पावसाचे पहिले थेंब घरंगळत होते.

"परवा, बाळा," आबा म्हणाले. "परवाची गाडी आहे." मग ते उठले आणि एकेक करून पश्चिमेच्या सगळ्या खिडक्या लावू लागले.